काचेखालचा अर्ज

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुणी कधी नोकरीसाठी अर्ज केला असेल, तर तो मला किंवा माझ्या एखाद्या भावंडाला भेटूनच पुढे गेला असणार. मी एक जुना नमुना अर्ज आहे. 'माननीय महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत माझ्या चौदा ओळी. उजव्या कोपऱ्यात तारखेसाठी ठिपके, मधे पदाच्या नावासाठी ठिपके, तळाशी सहीसाठी मोकळी जागा. माझं वय एकतीस. माणसाच्या मानाने हे वय काहीच नाही, पण कागद एवढा जगला म्हणजे पुष्कळ झालं. कडा पिवळ्या पडल्या आहेत, दोन घड्या अगदी फाटायला आल्या आहेत. माझ्यामुळे किती जणांना नोकऱ्या लागल्या, हे मी पूर्वी मोठ्या ऐटीत मनाशी घोळवत असे. हल्ली किती जणांना लागल्या नाहीत, त्याचा विचार करतो.

मी जन्मलो तेव्हा नमुना नव्हतो, हे मात्र आधी सांगितलं पाहिजे. मी खराखुरा अर्ज होतो आणि एका खऱ्या मुलीचा होतो.

एका जिन्याखालच्या लांबट खोलीत टायपिंगचा क्लास चालत असे. आठ मशिन्स, आठ स्टुलं आणि एक सर. 'बोटं दुखली तरी चालतील, काम सुबक दिसलं पाहिजे,' हे त्यांचं वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकून विद्यार्थ्यांनी त्यांचं नावच सुबकसर पाडलं होतं. त्यांच्या धाकट्या बहिणीला टेलिफोन कचेरीत ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. सरांनी तिला एक अख्खा रविवार समोर बसवलं, खोदून खोदून विचारलं आणि मग अर्ज टाइप केला. त्यात एक वाक्य असं होतं: 'आमच्या घरात नऊ माणसं एकाच वेळी बोलत असतात, तरीही आईने सांगितलेला निरोप मी वडिलांपर्यंत एकही शब्द न बदलता पोहोचवते.' त्याच्याखाली दुसरं वाक्य होतं: 'माझा आवाज स्पष्ट असून उच्चार शुद्ध आहेत.' वरचा कागद कचेरीत गेला. कार्बनखालचा कागद मागे राहिला, तो मी. बहिणीला नोकरी लागली आणि सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पंधरा दिवसांतच एक शेजारी आले आणि म्हणाले, "बहिणीला लिहून दिलात ना, तसाच मला लिहून द्या."

तसाच. इथेच घोडं पेंड खातं, मित्रांनो. त्या शेजाऱ्यांच्या घरात नऊ माणसं नव्हती. ते एकटे राहत होते. त्यांना कंडक्टर व्हायचं होतं. सरांनाही त्या दिवशी घाई होती. त्यांनी माझ्यावरचं बहिणीचं नाव, पद आणि तारीख पुसून तिथे ठिपके टाकले, मग ब्लेड घेतलं आणि माझ्यावरचं निरोपाचं वाक्य हलक्या हाताने खरवडून काढलं. त्या जागी 'मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू असून' एवढं बसवलं. माझ्या अंगावर ती जागा आजही पातळ आहे. उजेडात धरलं तर तिथून पलीकडचं दिसतं. तेव्हा मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, नाही वाटलं. उलट मी साफसूफ झालो, असंच वाटलं.

आवाजाचं वाक्य मात्र राहिलं, कारण कंडक्टरला ते चालणार होतं. त्यांनाही नोकरी लागली. झालं! सरांची खात्रीच पटली. "लागू पडलेल्या औषधात ढवळाढवळ करायची नाही," असं ते म्हणू लागले. पुढे जो येईल त्याला मी. ड्रायव्हरला मी, शिंप्याला मी, वेल्डरला मी, स्वयंपाक्याला मी. मत्स्यालयात माशांना खाणं घालण्याची एक जागा निघाली होती, तिच्यासाठीही मीच गेलो. आवाज स्पष्ट, उच्चार शुद्ध. मासे खूश झाले असतील.

ते माझे वैभवाचे दिवस होते. सरांनी मला काउंटरच्या काचेखाली बरोबर मध्यभागी ठेवलं. लोक वाकून वाकून मला वाचत. एक आई आपल्या मुलीला म्हणाली होती, "नीट बघून घे. याच कागदाने तुझ्या मामाचं भलं केलं." काचेखालून मला माणसं खालच्या बाजूने दिसत: हनुवट्या, शर्टाची वरची बटणं, चष्म्यांच्या खालच्या कडा. माझ्यावर वाकलेला माणूस आशेने वाकलेला असतो. एवढी आशा रोज अंगावर घेऊन मी जरा शेफारलो होतो.

मग टायपिंगचे क्लास बंद पडले. आठ मशिन्स गेली आणि एक कॉम्प्युटर आला, शेजारी झेरॉक्सचं मशीन आलं. सरांनी मला कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं. आता तर नाव, पद आणि तारीख बदलली की काम फत्ते! पाच मिनिटं लागत. काचेखाली मी राहिलो तो केवळ मान म्हणून.

या सगळ्यात एक गोष्ट मला दिसत होती आणि सरांना दिसत नव्हती. काही हनुवट्या परत परत येत. "सर, तारीख तेवढी बदलून द्या," असं म्हणत. तिसऱ्यांदा, पाचव्यांदा, आठव्यांदा. आधीच्या अर्जाचं काय झालं, हे सर विचारत नसत आणि तो माणूस सांगत नसे. अर्ज म्हणजे तिकीट, गाडी चुकली की दुसरं काढायचं, असंच दोघांनाही वाटत असावं.

एकदा एक माळी आला. बागकामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण बोलताना तो अडखळत असे. त्यालाही मीच मिळालो. मुलाखतीत साहेबांनी त्याला सहज म्हणून त्याचाच अर्ज वाचायला सांगितला. त्या वाक्यापाशी आल्यावर समोरच्या दोघांना हसू आवरलं नाही. माळी परत आला तो भांडायला नाही. काचेवर बोट ठेवून हळूच म्हणाला, "स-सर, हे आ-आवाजाचं वाक्य काढता येईल का?"

सर मान वर न करता म्हणाले, "अहो, ते सगळ्यांनाच असतं."

माळी गेला आणि पुन्हा आला नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, या काचेखालून मला कुणीतरी काढावं.

आता ज्यांच्यासाठी मी हे सगळं सांगत बसलो आहे, त्यांच्याकडे येतो. त्यांना त्यांच्या कारखान्यात सगळे 'स्टोअरताई' म्हणत. छताच्या पंख्यांचा कारखाना होता. तिथलं सुट्या भागांचं स्टोअर त्यांनी एकोणीस वर्षं सांभाळलं होतं. कारखाना बंद झाला तेव्हा त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. यजमान पूर्वीच गेलेले, मूलबाळ नाही, दोन खोल्यांचं छोटंसं भाड्याचं घर आणि खिडकीत ओळीने लावलेल्या कुंड्या. दुसऱ्या गावी थोरला भाऊ होता. तो मायेचाच होता, पण माया करणाऱ्याच्या घरातही पाहुणं म्हणून किती दिवस राहायचं?

"दादा म्हणतो, वरची खोली रिकामीच आहे, ये निघून," असं त्यांनी एकदा सरांना सांगितलं होतं. "जाईन हो. पण एकदा गेले ना, की मग मी 'ती वरच्या खोलीतली आत्या'. माझं म्हणून काही राहायचं नाही."

त्यांनी माझ्यावरून चार अर्ज केले होते. चार ठिकाणांहून एक ओळही उत्तर आलं नव्हतं. मग एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये स्टोअरकीपरची जागा निघाली आणि पाचवा अर्ज गेला. तोही मीच. त्या आठवड्यात त्या एकाच जागेसाठी किती हनुवट्या माझ्यावर वाकल्या, ते मी मोजलं नाही. मोजणारं दुसरंच कुणी निघालं.

हॉस्पिटलच्या ऑफिसमधल्या मॅडम एका सकाळी दुकानात आल्या. त्यांचं झेरॉक्स मशीन बिघडलं होतं आणि एका नोटिशीच्या वीस प्रती हव्या होत्या. सर मशीन सुरू करेपर्यंत त्या काचेवर हात टेकून उभ्या राहिल्या. मग वाकल्या. मग त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"अगं बाई! हा इथे राहतो होय?"

सर वळले. "कोण?"

"हा हो, हा! गेले आठ दिवस मी रोज ह्यालाच भेटतेय." मॅडमनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून काचेवर आपटला. "एकतीस अर्ज आले आमच्याकडे. त्यातले चौदा जण कष्टाळू, प्रामाणिक आणि होतकरू. चौदाही जणांचा आवाज स्पष्ट! आम्हाला स्टोअर सांभाळायला माणूस हवाय, सर. भाषणं करायला नकोय."

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मॅडम, तीस वर्षं झाली या अर्जाला. आजवर एकाचीही तक्रार आलेली नाही."

"तक्रार कोण करणार?" मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "ज्यांना उत्तर आलं नाही, त्यांना वाटलं असेल आपलंच काहीतरी कमी पडलं."

सर मशीनकडे वळले. मशीन एकेक प्रत बाहेर टाकत होतं.

"या चौदांत एखादा माणूस खरंच चांगला असणार," मॅडम गठ्ठा सारखा करत म्हणाल्या. "मला तो सापडेना. म्हणून मुदत आठ दिवसांनी वाढवून घेतलीय. सगळ्यांनी नव्याने अर्ज करायचे. ही त्याचीच नोटीस."

वीस प्रती घेऊन त्या निघून गेल्या. सरांनी स्टेपलरच्या पिनांचं खोकं उचललं आणि काचेवर बरोबर माझ्या तोंडावर ठेवून दिलं. दोन दिवस मला काही दिसलं नाही. ऐकू मात्र सगळं येत होतं. सर गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसत होते. ते रागावले होते, पण माझ्यावर की स्वतःवर, हे त्या अंधारात मला कळेना. मी मात्र मॅडमचं ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होतो. आपलंच काहीतरी कमी पडलं, असं समजून घरी बसलेली माणसं किती असतील? आणि त्यांच्या हातात कागद कुणाचा होता? माझा. मला फार लाज वाटली, मित्रांनो.

तिसऱ्या दिवशी स्टोअरताईंचा आवाज आला.

"सर, तो परत काढा हो माझा. तारीख तेवढी बदला. मुदत वाढलीय म्हणे. आणि जरा घाई करा, दादा एक तारखेला टेम्पो घेऊन येणार आहे. सामान बांधायला काढलंय मी."

"म्हणजे ठरलं तुमचं जायचं?"

"ठरलं काय, घर रिकामं करून दे म्हणतोय दादा. किती दिवस वाट बघायची? हा शेवटचा अर्ज. नाही आलं उत्तर, तर गेले."

सरांनी खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "बसा."

"बसू कशाला? पाच मिनिटांचं तर काम."

"बसा म्हटलं ना."

खोकं बाजूला झालं. काच उचलली गेली. कित्येक वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला. सरांनी मला उचललं, क्षणभर पाहिलं आणि पालथं घातलं. माझी मागची बाजू एकतीस वर्षांत कुणी वापरली नव्हती. सरांनी पेन्सिलीला टोक काढलं.

"स्टोअरमध्ये तुम्ही काय करत होता?"

"सांभाळत होते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? माल आला की ठेवायचा, मागितला की द्यायचा, वहीत लिहायचं. सगळे स्टोअरवाले हेच करतात."

"सगळ्यांचं नकोय मला. तुमचं सांगा."

"माझं काय वेगळं असणार, सर?"

हे वाक्य मी शेकडो तोंडांतून ऐकलं होतं. माणसं जन्मतः असं बोलत नाहीत. त्यांना कुणीतरी शिकवावं लागतं आणि शिकवणाऱ्यांत मीही होतो.

सरांनी मग ताईंनी आणलेली हॉस्पिटलची नोटीस पुढे ओढली आणि पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्यांनी एखादी जाहिरात शेवटपर्यंत वाचलेली मी तेव्हाच पाहिली. एरवी ते पदाचं नाव आणि पत्ता बघून पुढे जात. तळाच्या ओळीत होतं: 'मुदत संपणाऱ्या साहित्यावर लक्ष ठेवणे आवश्यक.'

"म्हणजे औषधं वाया जातायत वाटतं त्यांची," स्टोअरताई म्हणाल्या. "आमच्याकडे ग्रीस वाया जायचं."

"ग्रीस?"

"पंख्याच्या बेअरिंगला लागतं ना, ते. पडून राहिलं की सुकतं. मग काय उपयोग? नवे डबे आले की माणसं पुढे ठेवायची आणि पुढूनच उचलायची. जुने मागच्या मागे. वर्ष संपलं की खोकीच्या खोकी फेकायची. मी कपाट भिंतीपासून ओढलं आणि खोलीच्या मधोमध आणलं. मागची फळी काढून टाकली."

"ते कशाला?"

"मागून भरायचं, पुढून काढायचं." त्यांनी दोन्ही हातांनी हवेत कपाट करून दाखवलं. "नवा डबा मागून आत, जुना पुढून बाहेर. मग जुना मागे राहीलच कसा? पुढची अकरा वर्षं एक डबा फेकला नाही आम्ही."

पेन्सिल थांबली होती. "हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही."

सरांनी भराभर लिहायला सुरुवात केली. बहिणीच्या वाक्याची ती खरवडलेली जागा आली आणि पेन्सिलीचं टोक माझ्यातून आरपार गेलं. पण थांबायला कुणाला सवड होती? सर विचारत गेले, ताई सांगत गेल्या. एकदा त्यांनी चुकीची वायर दिली होती आणि पूर्ण पाळीचं काम तासभर बंद पडलं होतं. तेव्हापासून कुठलीही वस्तू हातात देण्याआधी त्या तिच्यावरची चिठ्ठी वाचून दाखवत. सरांना तेही अर्जात घालायचं होतं.

"ते मुळीच नको," ताई म्हणाल्या. "चूक मी पत्राने कळवणार नाही. समोर बसून विचारलं तर सांगेन."

सरांना ते पटलं नाही, पण ते वाक्य गेलं.

मग टाइप करायला बसल्यावर खरी गंमत झाली. सरांची बोटं तीस वर्षांच्या सवयीची. डोकं एक सांगे आणि बोटं भलतंच करत. पडद्यावर आपोआप आलं: 'मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू…'

ताई मागून डोकावल्या आणि खुदकन हसल्या. "सर, सेहेचाळीसाव्या वर्षी होतकरू? आता होऊन चुकले हो मी, जी काय व्हायची ती."

सरांनी ते पुसलं. पुन्हा तेच आलं, पुन्हा पुसलं.

"आणि ते आवाजाचं ठेवायचं ना?"

"कशाला? औषधांना हाका मारणार आहात?"

शेवटच्या ओळीवर तर दोघांची जुंपलीच. 'मला एक संधी दिल्यास मी आपली सदैव ऋणी राहीन,' असं सरांना हवं होतं. त्याशिवाय अर्ज उघडा वाटतो म्हणाले.

"ऋणी कशाची?" ताई म्हणाल्या. "फुकट थोडीच बसणार आहे तिथे? काम करणार आहे."

एव्हाना दारात चार-पाच जण ताटकळत होते. त्यातला एक ओरडला, "सर, आज कादंबरी लिहायला घेतलीय का?" सरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी जे कागदावर आलं, ते अर्ध्या पानाचं होतं. मी त्याच्या शेजारीच पडलो होतो, म्हणून मला पाठ आहे. 'आपल्या जाहिरातीत मुदत संपणाऱ्या साहित्याचा उल्लेख आहे. पंख्यांच्या कारखान्यातील स्टोअरमध्ये माझ्यापुढे हीच अडचण होती. तिथे ग्रीसचे डबे जुने होऊन फेकावे लागत. मी कपाटांची मांडणी अशी बदलली की माल मागून भरला जाईल आणि पुढून काढला जाईल. त्यानंतर अकरा वर्षांत एकही डबा वाया गेला नाही. औषधांची मला माहिती नाही, ती मी शिकेन. परंतु जुनी वस्तू नजरेआड होऊ न देण्याची सवय माझ्याकडे आहे. आपलं स्टोअर पाहण्याची परवानगी मिळाल्यास तिथे काय करता येईल, ते मी प्रत्यक्ष दाखवू शकेन.' वर मॅडमचं पद नीट लिहिलेलं, खाली ताईंची सही. बस्स.

ताईंनी ते दोनदा वाचलं. "हे मीच आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा सूर असा होता की जणू हरवलेली वस्तू ओळखून परत घेत होत्या.

नऊ दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखतीहून ताई थेट दुकानात आल्या, खुर्चीत बसल्या आणि पाण्याचा ग्लास रिकामा करून मगच बोलल्या.

"चाळीस मिनिटं, सर! नुसतं कपाट, कपाट आणि कपाट. मला तळघरात नेऊन त्यांची कपाटं दाखवली. चुकलात का कधी, तेही विचारलं. सांगितलं मी वायरचं."

"मग?"

"मग काय? कळवू म्हणाले. आणखी सहा जण होते बाहेर." त्या थोडा वेळ ग्लास फिरवत राहिल्या. "नाही मिळाली तरी एक सांगते. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी विचारलं."

त्यानंतरचे दिवस सरांना फार जड गेले. त्या रोज येत नसत, पण सर रोज दाराकडे बघत. ताईंनी कुंड्या शेजारणीला दिल्या, भांडी खोक्यात भरली, असं कुणाकुणाकडून कळत होतं. एक तारीख जवळ आली. तीन दिवस उरले आणि दुपारी ताई दारात उभ्या राहिल्या. हातात न फोडलेला लिफाफा होता.

"सर, तुम्ही वाचा."

"पत्र तुमचं आहे. तुम्ही वाचा."

त्यांनी लिफाफा फाडला. आतला कागद उलगडला, वाचला, परत वाचला आणि काचेवर ठेवला. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला. त्यावर छापलेलं होतं: 'आपली ........ या पदावर निवड करण्यात आली आहे.' ठिपक्यांवर निळ्या बॉलपेनने 'स्टोअरकीपर' लिहिलेलं. वर ताईंचं नाव, तेही बॉलपेनने.

"अहो, हा तर छापील नमुना आहे!" सर जवळजवळ ओरडलेच. "आपण दुपारभर घासलं, आणि त्यांनी ठिपके भरून पाठवलंय!"

ताईंना हसू फुटलं. हसता हसता डोळे वाहायला लागले, ते पदराने पुसले तरी थांबेनात. "असू दे हो, सर. 'हो' म्हणायला छापील चालतं."

मग त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला. "दादा, एक तारखेला टेम्पो नको आणूस. नाही, पुढच्या महिन्यातही नको. अरे, लागली. खरंच लागली! ती वरची खोली ना, ती दुसऱ्या कुणाला तरी दे." पलीकडे दादाचा विश्वास बसेना. त्यांनी फोन सरांच्या हातात दिला. सरांनी तो कानाला लावला. मग ते म्हणाले, "हो, हो. खरं आहे. मी स्वतः वाचलंय."

मी आता काचेखाली नाही. खणात पडून असतो, पालथा, पेन्सिलीच्या शेजारी. लोक अजून येतात आणि विचारतात, "तो नमुना कुठे गेला? एक काढून द्या ना पटकन." सर म्हणतात, "बसा." काही जण कटकट करतात. काही जण उठून दुसऱ्या दुकानात जातात, तिथे माझी भावंडं आहेतच. आणि जे बसतात त्या सगळ्यांना नोकरी लागते असंही नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण उत्तर आलं नाही, तर निदान नाकारला गेलेला माणूस तो स्वतः असतो, माझी नक्कल नव्हे.

म्हणून मित्रांनो, म्हाताऱ्या कागदाची एवढी विनंती ऐका. उद्या तुम्ही मोठे व्हाल, नोकरी मागायला निघाल. मला जरूर बघा. तारीख कुठे लिहायची, सही कुठे करायची, हे मी चांगलं दाखवतो. पण मला उतरवून घेऊ नका. समोरच्याला काय हवं आहे ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आपण काय केलं आहे ते आठवा, आणि मग कोऱ्या कागदावर पहिलं वाक्य असं लिहा, जे तुमच्या शेजारी बसलेल्याला लिहिता येणार नाही.